मुठीतली परी आणि गरम पेज

नदीकाठच्या झोपडीत आधी तिघं राहायची. आई, दादा आणि इवलीशी सुगी. आता दोघीच उरल्या होत्या. दादा नदीवर होडी चालवायचा. एके दुपारी वादळ आलं, आणि होडी तेवढी परत आली.

दहा दिवस चूल विझलेली होती. शेजारणी भाकरी आणून देत. सुगी खायची, आई खायची नाही. कारण त्या सकाळी ती दादावर चिडली होती. "जा, तोंड दाखवू नकोस मला!" म्हणाली होती. असं तर सगळ्याच आया म्हणतात. पण तिचं त्याच्याशी तेच शेवटचं बोलणं ठरलं.

सुगीला मात्र पुढचं ठाऊक होतं. ती भाकरी घेऊन दादामागे धावली होती. होडीत उभा राहून दादा हसला होता. "आईला सांग, मी नाही रागावलो. संध्याकाळी पेज गरम ठेव म्हणावं."

सुगी घरी आली आणि निरोप विसरून खेळतच बसली. मग बातमी आली. मग घर माणसांनी भरलं. माणसं दिसली की सुगीची जीभ टाळूला चिकटायची. निरोप आतच राहिला, काट्यासारखा.

दहाव्या दिवशी सगळं गाव घाटावर जमलं. दगडावर भाताचा पिंड ठेवला. कावळा शिवला, तर गेलेल्याच्या मनात काही उरलं नाही, असं तिथली माणसं मानत. पिंपळावर कावळे ओळीनं बसले होते. एकही खाली येईना.

"आईवर रागावून गेलाय पोरगा," कुणीतरी कुजबुजलं.

आईनं ते ऐकलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"त्याचं काही राहिलं होतं का? कुणाला ठाऊक असेल तर बोला," गावातले वडीलधारे रंगाकाका म्हणाले.

सुगी उठली. सगळे डोळे तिच्याकडे वळले. तिचे गुडघे लटलट कापायला लागले, कानात नदी घोंगावल्यासारखं झालं, आणि ती पळाली. थेट करंजाच्या राईत.

राईत जांभळट फुलांचा सडा पडला होता. एका कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमत होतं. हिरवं, निळं, सोनेरी. बोटाएवढी एक परी होती ती! तिचे चतुरासारखे चिमुकले पंख धाग्यांत गुंतले होते. सुगीला रडू आवरत नव्हतं, तरी तिनं गुडघे टेकले आणि एकेक धागा हलकेच सोडवला. पंखाला ओरखडाही उठू दिला नाही.

"गुणाची गं माझी बाय," परी म्हणाली. "आता एक इच्छा..."

"दादा दे!"

परीचे पंख मिटले. "ते मला येत नाही, सोने. पहिला नियमच तो आहे. गेलेलं माणूस कुठलीच परी परत आणत नाही."

"मग तू कसली परी!" सुगीनं मातीवर मूठ आपटली. खूप वेळ आपटत राहिली. परी जवळ बसून राहिली.

"माझी भीती तरी काढून टाक," सुगी शेवटी हुंदके देत म्हणाली.

"काढते. पण दुसरा नियम ऐक. मी काढते ते मुळासकट. तुझी भीती आणि दादावरची माया एकाच मुळावर आहेत. भीती गेली की तू खणखणीत बोलशील. पण त्याचं नाव घेताना आत काही हलणार नाही."

सुगीनं नाक पुसलं. "नको. राहू दे मग. तू माझ्या मुठीत बसशील का? बोलून होईपर्यंत?"

"बसते. पण बोलायचं तूच हं. मी शब्द देणार नाही."

सुगी घाटावर परतली. बोटांच्या फटींतून बारीकसा उजेड झिरपत होता. तिनं तोंड उघडलं. आवाज नाही.

"दादा तुझ्या पेजेवर फुंकर घालायचा ना?" मूठ कुजबुजली. "तशी घाल. सावकाश. आणि गावाशी नको बोलू, एकीशीच बोल."

सुगीनं मुठीवर फुंकर घातली. लांब, हळू. पुन्हा एकदा. मग तिनं फक्त आईकडे पाहिलं.

"आई, दादा..."

"काय पुटपुटतेय? मोठ्यानं बोल की गं!" मागून कुणी ओरडलं.

पाय कापतच होते. सुगीनं ते कापू दिले.

"आई, दादा रागावला नव्हता! तो हसत होता. म्हणाला, आईला सांग, मी नाही रागावलो, पेज गरम ठेव. मी सांगायला विसरले गं, आई. मी खेळत बसले."

आई उठली, धडपडत आली, आणि सुगीला छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला. दहा दिवसांत पहिल्यांदाच. पिंपळावर पंख फडफडले. एक कावळा खाली उतरला आणि त्यानं भाताचं शीत उचललं.

त्या संध्याकाळी चूल पेटली. आईनं तीन वाडग्यांत पेज वाढली. दोघी जेवल्या. तिसऱ्या वाडग्यातली वाफ वर जात राहिली.

सुगीनं मूठ उघडली. त्या वाफेत सोनेरी, निळा, हिरवा उजेड क्षणभर झगमगला, झोपडीभर पसरला, आणि गेला. मग सुगीनं तिसऱ्या वाडग्यावर हळूच फुंकर घातली. दादाला तोंड भाजू नये म्हणून.