एकेक, पण अव्वल

"पण हा खात का नाही, बाबा?"

विश्राम कोपर्डेने प्लास्टिकची पिशवी उजेडात धरली. आत ओंजळभर पाणी आणि दोन नखांएवढा एक निऑन मासा. अंगावरची निळी रेघ विझत आलेली.

हुसेनबाबांनी मान वर केली नाही. ते एका दगडाला दोऱ्याने पाणवनस्पती बांधत होते.

मिरजेबाहेरच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, बाबांचे सिमेंटचे चार हौद आहेत आणि काचेची एक लांब पेटी. लोक मासे घ्यायला येतात आणि पुष्कळदा मासे न घेताच तासभर बसून जातात. विश्राम बसणाऱ्यांतला नव्हता. पायाला भिंगरी, खिशात दोन फोन. धंद्याने पूल बांधणारा इंजिनिअर. पुलाचं ठीक असतं, तो सांगितलेल्या जागी उभा राहतो.

"बस की," बाबा म्हणाले.

"वेळ नाही, बाबा. आई..."

"आईचं काय?"

"जेवत नाही. डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या झाल्या. म्हणतात, काही नाही. आणि वाळत चाललीय."

बाबांचे हात थांबले.

"तिला करमावं म्हणून तिच्या पलंगासमोर माशांची टाकी ठेवली. पहिल्या दिवशी ती उठून काचेजवळ गेली. काचेवरूनच ह्या माशावर बोट ठेवलं. बांगडीसारखा चमकतोय म्हणाली. महिन्याभरात तेवढं एकच वाक्य बोललीय ती. आणि आता हाच फिल्टरमागे जाऊन बसतो. खात नाही. हा मेला तर..."

त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्याला राग येत असे.

"पाण्यात खोट नाही," तो तावातावाने म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ तपासतो. तापमान सव्वीस. फिल्टर परदेशी. सगळं लिहून ठेवलंय."

"मासे कुठले?"

"एकेकच घेतला, पण अव्वल. एक एंजल, एक टायगर बार्ब, एक फायटर आणि हा निऑन. गर्दी नको. प्रत्येकाला ऐसपैस जागा."

बाबा खो खो हसले. "चार वरातींतला एकेक वऱ्हाडी उचलून आणलास की!"

विश्रामला ते आवडलं नाही.

"एंजल मोठा झाला की निऑनला गिळतोय," बाबा म्हणाले. "बार्ब एकटा पडला की दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतोय. फायटरला कुणीच नको असतंय. त्याला वेगळी बरणी दे, खुशाल ऱ्हाईल."

"आणि निऑनला?"

बाबांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि न सोडता, तशीच बांधलेली, काचेच्या पेटीत तरंगत ठेवली. खाली पंचवीसेक निऑन एका वळणाने जात होते, एका वळणाने परत येत होते.

"सोडा ना आत!"

"अर्धा तास."

"अर्धा तास?"

"पाणी पाण्याला ओळखू दे."

विश्राम हौदाला एक फेरी मारून आला. घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती. त्याने पिशवीला बोट लावलं, ती हलली, आतला मासा दचकला.

"झाडं कुठली लावलीस?" बाबांनी विचारलं.

"जावा फर्न. दुकानदार म्हणाला, ह्याहून सोपं झाड नाही. सगळं कुजलं."

"लावलंस कसं?"

"खडीत, चांगलं चार बोटं खोल. हलू नये म्हणून."

बाबांनी हातातला दगड त्याच्यापुढे धरला. फर्नचं आडवं खोड दगडावर उघडंच होतं. दोऱ्याचे दोन सैल वेढे, बस्स.

"हिचं खोड गाडलं की कुजतंय. नुसतं टेकवायचं. मग ती आपली आपण दगड धरतीया."

"आणि नाही धरलं तर?"

बाबांनी दुसरा दगड, दुसरी फर्न आणि दोरा त्याच्या हातात दिला. "बांध."

आता बसावंच लागलं. फोन वाजला. विश्रामने तो बंद केला, पण दोरा काही त्याचं ऐकेना.

"आई काय करायची?"

"बांगड्या भरायची. तासगावच्या बाजारात, चाळीस वर्षं." विश्राम वेढे आवळत बोलत होता. "दिवसभर बायकांचा गराडा. ऊन, धूळ, कलकलाट. कुणाची सून नांदत नाही, कुणाची गाय व्यालीय, सगळं हिला माहीत. मी म्हटलं, पुरे झालं. सांगलीला आणलं, सहाव्या मजल्यावर. एसी आहे, कामाला बाई आहे. खाली गाड्यांचा आवाजसुद्धा वर येत नाही. कुणाचा तिला त्रास नाही."

"हं..."

दोरा तुटला. विश्रामने नवा घेतला, आणखी घट्ट आवळला.

अर्ध्या तासाने बाबांनी पिशवीची गाठ सोडली आणि मासा ओंजळीतून पेटीत सोडला. तो थेट कोपऱ्यात गेला. तिथे थिजून राहिला.

विश्राम श्वास रोखून पाहत होता.

घोळका वळला. कोपऱ्यापर्यंत आला, मागे फिरला. आणि कोपरा रिकामा झाला.

"माझा कुठला?"

बाबांनी चिमूटभर खाणं टाकलं. सगळे एकदम वर आले. पाण्यावर एकही कण उरला नाही.

"खाल्लं!" विश्राम काचेवर नाक टेकून ओरडला. "त्यानंही खाल्लं, बाबा!" एवढा मोठा माणूस, डोळे भरून आले त्याचे. "आता कळलं घोडं कुठं पेंड खात होतं. ही सगळी फौज बांधून द्या. एंजल आणि बार्ब आजच परत करतो, फायटरला बरणी. आईला..."

तो हसत होता. मग मध्येच हसायचा थांबला.

"बाबा, हा तसाच एकटा राहिला असता, तर किती दिवस काढले असते त्यानं?"

बाबांनी त्याने बांधलेला दगड उचलला. दोरा फर्नच्या खोडात रुतला होता. त्यांनी नखाने तो हलकेच सैल केला.

"आईला तासगावहून आणून किती दिवस झाले?"