गोव्याहून येणारा बॅक

एका गावात पेठेगणिक एक तालीम होती आणि तालमीगणिक एक फुटबॉलची टीम. कुस्ती कधीच मागं पडली होती. आता पेठेची सगळी अब्रू अकरा जणांच्या पायात होती. त्यातल्या धाकट्या तालमीचा एक वेडा पाठीराखा होता, हिंदुराव साळोखे. पेठेत त्याची पिठाची गिरणी होती. टीम जिंकली की हा दळणाला आलेल्या प्रत्येकाला चहा पाजायचा, हरली की त्याच माणसांवर खेकसायचा.

मागच्या हंगामात धाकटी तालीम फायनलला थोरल्या तालमीकडून हरली. ऐन शेवटी बचावातला धनाजी मगदूम घसरला आणि गोल बसला. धनाजी टीमचा जुना बॅक. दिवसभर फौंड्रीत राबायचा आणि संध्याकाळी गोलीच्या पुढं भिंतीसारखा उभा राहायचा. त्यानं आजवर किती गोल अडवले ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. घसरला ते मात्र शेंबड्या पोरालाही पाठ होतं. काय करता, माणसांची आठवण मेली अशीच!

नवा हंगाम तोंडावर आला. खेळाडूंच्या नावनोंदणीला शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती. धाकट्या तालमीच्या सगळ्या जागा भरल्या होत्या, फक्त एक उरली होती. ती बॅकची.

आता या गावची एक रीत होती. खेळाडू आपण होऊन नावनोंदणीच्या सहीला जात नसे. तालमीतला कुणी वडीलधारा नारळ घेऊन त्याच्या घरी जायचा आणि म्हणायचा, "चल बाबा, तालीम बोलावतेय." मग तो निघायचा. याला म्हणायचे आवतण. न बोलावता गेला, तर लोक त्याला लोचट म्हणणार. धनाजीचं आवतण दरवर्षी हिंदुराव न्यायचा. यंदाही तालमीच्या वस्तादांनी नारळ त्याच्याच हातात ठेवला होता.

तो नारळ घेऊन हिंदुराव निघाला तो तालमीच्या कट्ट्यावर जरा टेकला. तिथंच घात झाला. पेठेतला रिक्षावाला बंडा चव्हाण रिक्षा थांबवून खाली उतरला, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "कुणाला बोलू नका. गोव्याचा बॅक येतोय आपल्याकडं. साडेसहा फूट उंच!"

कुणाला बोलू नका म्हटल्यावर काय, संध्याकाळपर्यंत पेठेला कळलं.

"उंच माणूस वळायला जड," एक जण म्हणाला. "थोरलीचा फॉरवर्ड त्याच्या पायातनं बॉल काढंल."

"जड? अरं, हरणागत पळतोय त्यो! आन् डावखुरा हाय."

"उजवा हाय, उजवा! उगं काय बी बोलू नगंस."

दोघं एकमेकांची गचांडी धरायचेच बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी तो गोव्याचा केरळचा झाला. तिसऱ्या दिवशी एकाचे दोन झाले. आणि ज्याच्या पायांवरून एवढं महाभारत चाललं होतं, त्याला कट्ट्यावरच्या एकानंही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

हिंदुरावाच्या जिवाला मात्र घोर लागला. जागा एक. धनाजीला आवतण दिलं की ती भरली. मग गोव्याचा आला तर त्याला उभा कुठं करायचा? आणि आवतण दिलं नाही आणि गोव्याचाही आला नाही, तर? गिरणीत उभा राहून तो हाच विचार करायचा. एका बाईची ज्वारी त्यानं दुसरीच्या गव्हात ओतली आणि दोघींच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी न राहवून तो वस्तादांकडं गेला. "वस्ताद, खरं सांगा. गोव्याचा येतोय का?"

"मी कुणाला बोलावलेलं न्हाई," वस्ताद म्हणाले. "धनाजीला आवतण दिलंस का?"

"देतो की."

हिंदुराव बाहेर आला. माणसानं एवढं स्पष्ट उत्तर ऐकल्यावर काय करावं? सरळ धनाजीच्या घरी जावं. पण पाठीराख्याचं डोकंच वेगळं. त्याला वाटलं, वस्ताद एवढ्या ठामपणे नाही म्हणतायत, म्हणजे नक्की ठरलंय! आतली गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून झाकतायत. कट्ट्यावर त्यानं हे सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अफवेला पाय नव्हते, ते वस्तादांच्या नकारानं फुटले.

शुक्रवारी धनाजीची बायको सुरेखा दळण घेऊन आली. डबा ठेवला तरी ती जाईना. मग खाली बघत म्हणाली, "तात्या, ह्या खेपेला आवतणाला उशीर हाय व्हय?"

"शनिवार कुठं गेलाय अजून?" हिंदुराव म्हणाला आणि उगाच पट्टा तपासू लागला.

"न्हाई, तसं न्हाई. पण रोज कामावरनं लवकर येऊन दारात बसत्यात. म्हणत्यात, मी घरात नसलो आन् तात्या परत गेलं तर? दोन घास बी नीट जात न्हाईत त्यांना. कट्ट्यावरचं कानावर आलंय. ते खरं असंल तर तसं सांगा, तात्या. निदान वाट तरी बघायचे न्हाईत."

हिंदुरावाला भडभडून आलं. लहानपणापासून बघितलेला पोर! त्याला वाटलं, गिरणी बंद करावी आणि आत्ताच्या आत्ता नारळ घेऊन जावं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बघतो मी. तू काळजी करू नको." काळजी करू नको म्हणणारा स्वतः रात्रभर कूस बदलत पडला.

शनिवारी दुपार टळली तशी मात्र त्याला राहवेना. जे व्हायचं ते होवो, असं म्हणून त्यानं नारळ उचलला आणि धनाजीच्या गल्लीत शिरला. दार समोर दिसत होतं. तेवढ्यात मागून बंडाची रिक्षा आली.

"तात्या, बसा बसा! पाचच्या गाडीनं येतोय त्यो. स्टँडवर सगळी पेठ जमलीय. आन् हे काय, आवतण द्यायला निघाला? जागा घालवता काय लगा?"

हिंदुराव थबकला. एकदा दाराकडं बघितलं, एकदा रिक्षाकडं. ज्याला बोलवायचं तो समोर होता आणि ज्याला बोलावलं नव्हतं तो म्हणे वाटेवर होता. हिंदुराव रिक्षात बसला.

स्टँडवर हलगी वाजत होती. हार होता, गुलाल होता. गाडी काही येईना. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. घाटात ट्रक बंद पडलाय, असं कुणीतरी म्हणालं. हिंदुराव नारळ या हातातून त्या हातात करत घड्याळाकडं बघत राहिला. शेवटी गाडी धुरळा उडवत आत शिरली आणि तिच्यातून खरोखरच एक ताडमाड माणूस वाकून खाली उतरला.

"आला रं आला!" पेठ तुटून पडली. हार गळ्यात, गुलाल डोक्यावर. दोघांनी तर त्याला खांद्यावर घेतला. तो बिचारा वरून ओरडत होता, "अहो सोडा, सोडा! मी शिलाई मशीन दुरुस्तीला आलोय. मला कारखान्यात जायचंय!"

हलगी थांबली. त्याला खाली उतरवला. गाडीत आणखी कुणी उंच आहे का म्हणून चार जण आत डोकावून आले. नव्हतं. बंडानं गुपचूप रिक्षा चालू केली आणि तो दिसेनासा झाला. बघता बघता स्टँडवर एकटा हिंदुराव उरला. समोरच्या घड्याळात सहाला थोडीच मिनिटं कमी होती.

तो धावत सुटला. या वयात, धोतर सावरत, लोकांना धडकत. धनाजीच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. धनाजी इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यावर बसला होता.

"चल बाबा... तालीम बोलावतेय," हिंदुरावानं नारळ पुढं केला.

धनाजीनं नारळ घेतला नाही. "सहा वाजून गेले, तात्या. ऑफिस बंद झालं."

मग धनाजीनंच विचारलं, "त्यो गोव्याचा आला का?"

"न्हाई."

"मग थोरलीसमोर बॅकला कोण उभा राहणार?" धनाजीच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. ती ऐकून हिंदुरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचे डोळे भरले.

"पोरा, मी आवतण घेऊन निघालो होतो रं. ह्या गल्लीपर्यंत आलो होतो."

"बघितलं मी," धनाजी म्हणाला. "रिक्षात बसताना."

पहिलाच सामना थोरल्या तालमीशी पडला. धनाजीच्या जागेवर कधी बचावात न खेळलेला एक फॉरवर्ड उभा होता. त्याच्या बाजूनं एक गोल झाला, दुसरा झाला. धनाजी गॅलरीत उभा राहून घसा फोडून ओरडत होता, "डावीकडं सरक! बॉल बघू नको, माणूस धर!" मैदानावर टाकायची पावलं तो गॅलरीच्या पायरीवर आपटत होता. शेजारी बसलेल्या हिंदुरावानं तिसरा गोल पाहिलाच नाही. तो धनाजीच्या पायांकडं बघत होता.

तात्पर्य: न पाहिलेल्या माणसाची वाट बघता बघता, आपली वाट बघत बसलेल्या माणसाला बोलवायचं राहून जातं, आणि वेळ टळल्यावर केलेला पस्तावा कितीही खरा असला, तरी त्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.