रिकाम्या उखळाची हाक

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही कान द्या, कारण याच्याशी तुमचाच जास्त संबंध आहे. आफ्रिकेतल्या ज्या गोरखचिंचा आज म्हाताऱ्या होऊन उभ्या आहेत, त्या तेव्हा बोटाएवढी रोपं होत्या. तिथे एका लांबलचक डोंगररांगेवर छोट्या छोट्या वस्त्या होत्या. एका वस्तीतून ओरडलं तर दुसऱ्या वस्तीत ऐकू जाणार नाही, इतक्या त्या लांब होत्या. मधल्या सगळ्यांत उंच टेकडीवर सरदाराचं गाव होतं. पश्चिमेच्या टोकाला, नदीपाशी, एक म्हातारी सुईण राहायची. सगळे तिला गोगो म्हणत. त्यांच्या भाषेत गोगो म्हणजे आजी.

सरदाराच्या अंगणात रानरेड्याच्या कातड्याचा एक प्रचंड ढोल होता. तो वाजला की रांगेच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई. राजा येणार असला की ढोल वाजे. लढाई असली की वाजे. सारा गोळा करायचा असला तर फारच जोरात वाजे. एकदा सरदाराच्या बैलाने शेजारच्या बैलाला झुंजीत हरवलं, तेव्हाही तो दिवसभर वाजत होता.

पण बाळंतपणात बाई अडली तर तो वाजत नसे.

बाई अडली की कुणीतरी गोगोला आणायला धावत सुटायचं. डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. गोगो म्हातारी, काठी टेकत यायची. ती पोचेपर्यंत पुष्कळदा घरात रडारड सुरू झालेली असायची. लोक म्हणायचे, देवाची इच्छा. देवाची कसली इच्छा! ढोल वाजवू नका असं देव येऊन सांगून गेला होता का?

त्या वस्त्यांमध्ये तियामिके नावाची एक तरुण बाई होती. सरदाराच्याच गावात तिचं घर होतं. तिची थोरली बहीण अशीच वाट बघत गेली. बहिणीचं तान्हं लेकरू तियामिकेने आपल्या पाठीला बांधलं, गावातल्या बायका गोळा केल्या आणि ती थेट सरदारापुढे जाऊन उभी राहिली.

"सरदार, बाई अडली की ढोल वाजवू द्या. गोगो लवकर निघेल, वाटेतले लोक मदतीला येतील."

ढोलाचा राखणदार शेजारीच बसला होता. तो खो खो हसला. "प्रत्येक पोटासाठी ढोल बडवला तर कातडं फाटेल बायांनो!"

"त्यात तुझ्या आईचं पोट धरलंस की सोडलंस?" मागून कुणीतरी विचारलं.

बायका हसल्या. सरदार हसला नाही. तो म्हणाला, "मोठी गोष्ट आहे. पंचांपुढे ठेवू. सुगी होऊ द्या."

सुगी झाली. मग पंच शिकारीला गेले. शिकारीहून आले ते दमून आले. बायका मरत होत्या आणि पंच दमले होते!

एक दिवस तियामिके ज्वारी कांडत होती. झाडाच्या बुंध्याचं उंच उखळ, हातात तिच्याएवढं लांब मुसळ. पीठ काढून झालं, उखळ रिकामं झालं, पण तिचा राग काही रिकामा होईना. तिने मुसळ उचललं आणि रिकाम्या उखळात दाणकन हाणलं. पुन्हा हाणलं. पुन्हा हाणलं.

आता त्या मुलखात रिकामं उखळ कुणी कांडत नसे. घरात दुष्काळ येतो, अशी समजूत होती. भरल्या उखळाचा आवाज दबका असतो. रिकाम्याचा आवाज कसा असतो, हे आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. तो आवाज टणटण करत दरीवर गेला आणि समोरच्या टेकडीवर आदळला. थोड्याच वेळात त्या टेकडीवरची एक कुंभारीण, मातीने भरलेल्या हातांनी, धापा टाकत येऊन पोचली.

"अगं बाई, काय झालं? रिकामं उखळ कोण कांडतंय?"

"तुला ऐकू आलं?" तियामिकेने विचारलं.

"ऐकू आलं? माझ्या बसलेल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या!"

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. आणि मग दोघी हसायला लागल्या, कारण दोघींना एकदमच कळलं होतं. ढोल एकाच्या अंगणात होता. उखळ प्रत्येकीच्या अंगणात होतं!

बातमी वाऱ्यासारखी पसरली. सगळ्या वस्त्यांमधल्या बायका एका झाडाखाली जमल्या आणि एकच गलका झाला. एक म्हातारी म्हणाली, "रिकामं उखळ कांडलं तर दुष्काळ येईल गं."

"आई, माणसांचा दुष्काळ तर आलाच आहे," कुंभारीण म्हणाली. "दाण्यांचा आला तर त्याच्याशीही भांडू."

ठरलं. रिकाम्या उखळात तीन भराभर घाव, मग थांबायचं, पुन्हा तीन. ज्या वस्तीला ऐकू येईल तिने हातातलं काम टाकून तेच घाव पुढच्या वस्तीला द्यायचे. असं करत हाक गोगोपर्यंत जाणार. गोगोला पळता येत नाही, तर तिला दांड्याला बांधलेल्या झोळीत घालून आणायचं. प्रत्येक वस्तीच्या वेशीवर ताज्या दमाच्या नव्या बायका उभ्या राहणार आणि झोळी खांद्यावर घेऊन पळणार. बाकीच्यांनी पाणी तापवायचं, त्या घरातली पोरं आपल्या घरी न्यायची, त्यांना नाचणीची आंबील पाजायची.

कुंभारीण म्हणाली, "घाव थोडे बदलले तर कुणाच्या घरची हाक आहे तेही कळेल. करूया का तसं?"

"नको!" तियामिके एकदम म्हणाली. "नाव कळलं की आपण विचार करायला लागू. हिने माझ्या शेतात गुरं घातली होती, तिच्या सासूने मला टोमणा मारला होता. मला तुमचं माहीत नाही, मी तरी करीन. माझ्या जिभेइतकंच माझं मनही वाईट आहे. उखळाने नाव सांगायचं नाही."

 मग एकेकीने मान डोलावली, कारण प्रत्येकीला आपापलं मन ठाऊक होतं.

आणि काय सांगू तुम्हाला, ते चाललं! हाक गेली, झोळी आली, बाई वाचली. पुन्हा हाक गेली, पुन्हा झोळी आली, बाई वाचली, जुळी वाचली! बायकांना इतका हुरूप आला की त्यांनी बाळंतिणींसाठी सामाईक चवळीचं शेत केलं. आया रानात गेल्या की सगळी पोरं एका सावलीत जमू लागली आणि आळीपाळीने एकेक आजी त्यांना सांभाळू लागली. कुणाची परवानगी नाही, कुणाचा हुकूम नाही, कुणाचा सत्कार नाही.

नेमकं तेच सरदाराला झोंबलं.

"माझ्या मुलखातून हाक जाते आणि ती माझ्या अंगणातून जात नाही!" तो गरजला.

राखणदाराने आगीत तेल ओतलं. "आज सुईण बोलावतात. उद्या काय बोलावतील, कोण जाणे!"

सरदाराने हुकूम काढला. आपल्या गावातली सगळी मुसळं त्याने आपल्या कोठारात ठेवायला लावली. सकाळी न्या, धान्य कांडा, दुपारच्या आत परत आणा. आणि अडीनडीला हाक द्यायची असेल तर आधी राखणदाराला विचारा. हे सगळं, म्हणे, बायकांच्याच भल्यासाठी! भलं करायची इतकी घाई झालेली माणसं मुसळं कशी जप्त करतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग एक दुपार आली. ऊन रणरणत होतं, मुसळं कोठारात होती. आणि पूर्वेकडून हाक आली. टण टण टण! टण टण टण!

सरदाराच्या गावातल्या बायका ताडकन उठल्या. उखळं समोर, मुसळं कुलपात! कुणी लाकडाचा ओंडका घालून बघितला, तो फुसका वाजला. कुणी दगड घातला, उखळच तडकलं. पूर्वेकडची हाक येतच होती. या गावाने पुढे दिली नाही तर ती गोगोपर्यंत पोचणारच नव्हती, कारण मधली उंच टेकडी हीच. तियामिके पळत सुटली, तिच्यामागे सगळ्या. त्या सरदाराच्या अंगणात घुसल्या. सरदार जेवत होता.

"कोठार उघडा, सरदार! बाई अडली आहे!"

"राखणदाराला विचारलंत?"

"तो मासे पकडायला गेलाय! किल्लीही घेऊन गेलाय!"

"बरं. कोण अडलंय?" सरदार सावकाश म्हणाला. "कुणाच्या घरची आहे ते सांगा, मग बघू."

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? हाक तुमचीच ना?"

"हाक आहे सरदार, दवंडी नाही," तियामिके म्हणाली. "कुठून आली तेवढं कळतं. पूर्वेकडून आली."

तेवढ्यात सरदाराची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.  "अहो, पूर्वेकडून? आपली चिसोमो तिकडेच दिली आहे. तिचे दिवस भरलेत!"

सरदाराच्या हातातला घास खाली पडला. तो उठला, कोठाराकडे धावला, दाराला खांद्याने धक्का दिला. दार हललं नाही. चांगलं भक्कम करून घेतलं होतं त्यानेच! मग तो स्वयंपाकघरात धावला. तिथे बायकोचं काळ्या लाकडाचं मुसळ भिंतीला टेकवलेलं होतं. जप्तीच्या हुकुमातून सरदाराचं घर अर्थातच सुटलं होतं. ते मुसळ घेऊन तो अंगणातल्या उखळाशी आला.

"माझ्याकडे द्या!" तियामिके ओरडली.

"हो बाजूला! माझी पोर आहे ती!"

आणि सरदाराने मुसळ हाणलं. पहिला घाव काठावर बसला, दुसरा त्याच्याच पायाजवळ.

"मध्ये मारा, मध्ये!"

"उखळ आहे ते सरदार, शत्रू नव्हे!"

"तीन मारा आणि थांबा! तीन! तुम्हाला तीन मोजता येतात ना?"

सरदाराला राग यायलाही वेळ नव्हता. टण टण टण! तो थांबला. टण टण टण! सगळ्यांनी पश्चिमेकडे कान लावले. आणि पश्चिमेच्या टेकडीवरून उत्तर आलं, टण टण टण! त्याच्या पुढच्या टेकडीवरून, त्याच्याही पुढच्या! बायकांनी अशी आरोळी ठोकली की झाडावरची पाखरं उडाली. सरदार मात्र थांबेना. त्याच्या हाताला फोड आले, फुटले, तरी तो घाव घालतच होता.

गोगोची झोळी वाऱ्यासारखी आली. आतून म्हातारी ओरडत होती, "हळू काय चालताय गं! मी काय अंड्यांची टोपली आहे? पळा!" वेशीवर खांदे बदलायचे होते. सरदाराने कुणाला न विचारता एका बाजूचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला. दुसरी बाजू तियामिकेने घेतली. प्रत्येक वेशीवर नव्या बायका उभ्या होत्या, पण सरदार खांदा सोडायला तयार नव्हता. "चिसोमो, चिसोमो" असं पुटपुटत तो धावत राहिला.

झोळी थांबली ती एका गवती झोपडीपुढे. दारात एक गुराखी डोकं धरून बसला होता. सरदाराच्याच शेळ्या तो वर्षानुवर्षं चारत होता आणि त्याचं नाव काय, हे सरदाराने कधी विचारलं नव्हतं.

गोगो आत गेली. बाळ पायाळू होतं.  आतून गोगोचा आवाज येत होता, कधी दटावणारा, कधी लाडाचा.  आणि मग एक इवलंसं, संतापलेलं रडणं ऐकू आलं!

बायका नाचायलाच लागल्या. गोगोने दारातून डोकं बाहेर काढलं. "दोघी ठीक आहेत. मुलगी आहे आणि आवाज सगळ्यांच्या वर आहे."

गुराख्याने सरदाराचे पाय धरले. "सरदार! तुम्ही स्वतः झोळी वाहिलीत! माझ्या बायकोसाठी!"

सरदाराने घाईघाईने पाय मागे घेतले.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई वाट काढत पुढे आली. पोट पुढे, डोक्यावर आंबिलीचं मडकं, कडेवर गुराख्याचं थोरलं पोर. ती चिसोमो होती. तीही या बायकांमधलीच एक होती. बापाला फक्त ते ठाऊक नव्हतं.

"बाबा? तुम्ही इथे? आणि हे हाताला काय झालं?"

"मुसळ," सरदार म्हणाला. "मला वाटलं, तू आहेस."

चिसोमोने मडकं खाली ठेवलं. बापाचे सोलवटलेले हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच विचारलं, "आणि ही आहे, असं कळलं असतं तर?"

 तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदा त्यालाही ठाऊक झालं होतं.

तो गावी परतला. राखणदार मासे घेऊन आला होता. त्याच्याकडून किल्ली घेऊन सरदाराने कोठार उघडलं, एकेक मुसळ स्वतः उचललं आणि घरोघर नेऊन दिलं. मग तो तियामिकेला म्हणाला, "माझा ढोलही घ्या. तुमच्या हाकेसाठी वाजवा."

तियामिकेने हात जोडले. "तो तुमच्याकडेच राहू द्या, सरदार. त्याला आधी नाव विचारायची सवय लागली आहे."

त्या दिवसापासून त्या डोंगररांगेवर रिकाम्या उखळाची हाक कुणी अडवली नाही, आणि वाट बघत कुणी बाई एकटी मेली नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: धावून जाण्याआधी जी नाव विचारते, ती मदत नव्हे, ती मेहेरबानी.