बिराजदार सरांचा नियम

पानसळ गावाच्या माळावर तीनशे मुलामुलींचे एक छोटे कॉलेज होते. तिथे गुरुनाथ बिराजदार नावाचे प्राध्यापक गणित शिकवत आणि संध्याकाळी मुलींची कबड्डी घेत. मैदानातले खडे त्यांनी मुलींबरोबर स्वतः वेचले होते. त्यांचा नियम एकच होता. जी मुलगी परीक्षेत नापास होईल, ती पुढचा सामना खेळणार नाही.

एके वर्षी कॉलेजचा संघ पहिल्यांदाच विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. सगळी भिस्त नंदा कोकणे या मुलीवर होती. ती चढाई करून परत आली की मगच समोरच्यांना कळे, आपल्यातली कोण बाद झाली. सामना पाहायला राज्य संघाची निवड समिती येणार होती. नंदाचे वडील केरबा वीटभट्टीवर काम करत. त्यांनी लेकीला बजावले होते, "निवड झाली तर शीक पुढं. नाहीतर वैशाखात लग्न."

सामना आठ दिवसांवर आला आणि सहामाहीचा निकाल लागला. नंदा गणितात चार गुणांनी नापास झाली होती. पेपर बिराजदार सरांनीच तपासला होता. त्यांनी तो पुन्हा काढला, तीनदा तपासला. चार गुण कुठेच सापडले नाहीत.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतले. "अहो, चारच तर गुण! द्या आणि विषय संपवा. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच देत नाही," सर म्हणाले. "आज खोटे गुण दिले, तर चांगलं खेळणाऱ्याला शिकावं लागत नाही, एवढंच ती शिकेल. आणि तिच्याबरोबर बाकीच्या अकराजणीही."

सामन्याच्या दिवशी नंदा बाकावर बसून राहिली. संघ दोन गुणांनी हरला. सगळे एसटीने परतले. गावात उतरताना नंदा सरांना एवढेच म्हणाली, "तुमचा नियम जिंकला, सर. मी संपले."

ते शब्द सरांच्या जिव्हारी लागले. आपण नियम पाळला, आता आपण मोकळे झालो, असे काही त्यांना वाटेना. दुसऱ्या दिवशी ते वीटभट्टीवर गेले.

केरबा संतापून म्हणाले, "तुम्हीच तिला बसवलं, आन् आता तुम्हीच आलात?"

"मी बसवलं, म्हणूनच मी आलो. तिला उभं करायचं कामही माझंच आहे. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा."

"आन् तवाबी नापास झाली तर?"

"तर चूक माझी. तिची नाही."

केरबा विटा रचत राहिले. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी केरबांनी हातांवरची माती झटकली आणि ते म्हणाले, "बरं. हा वैशाख जाऊ द्या."

आता नंदाच तयार होईना. "मला गणित जमतच नाही, सर."

"पहिल्या दिवशी चढाई तरी कुठं जमली होती? उद्या सकाळी सहाला ये."

ती रोज सहाला येऊ लागली. गणित चुकले की सर तेच गणित आकडे बदलून पुन्हा घालत. रागावत नसत, पण सोडतही नसत. भट्टीवर काम जास्त असले की नंदाला घरून निघता येत नसे. मग सर तिथे जात आणि विटांच्या थप्पीवर खडूने गणिते मांडत. केरबा विटा वाहता वाहता ते पाहत.

वार्षिक परीक्षेत नंदा चांगल्या गुणांनी पास झाली. पुढच्या वर्षी ती जिद्दीने खेळली, पण संघ उपांत्य फेरीत हरला आणि राज्य संघात तिची निवड झाली नाही. तरी केरबांनी तिच्या लग्नाचे नाव काढले नाही. नंदा पदवीधर झाली आणि शेजारच्या गावातल्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून लागली.

बऱ्याच वर्षांनी बिराजदार सर वारले. शोकसभेला चार तालुक्यांतून त्यांचे विद्यार्थी आले. कॉलेजचे नवे प्राचार्य खेदाने म्हणाले, "आता संघ बंद करावा लागेल. सरांसारखा वेळ देणार कोण?"

नंदा उठली. "माझी शाळा अकराला भरते. सोमवारपासून सकाळी सहाला मी मैदानावर येईन."

"मॅडम, असं किती दिवस जमेल तुम्हाला?"

नंदा म्हणाली, "मला शिकवायला किती दिवस लागतील, हे सरांनी कधी विचारलं नव्हतं."

सोमवारी सहाला मैदानावर चौदा मुली हजर होत्या.

तात्पर्य: चुकलेल्याला ठामपणे 'नाही' म्हणणे हे गुरूचे अर्धेच काम असते. त्यानंतर जो त्याची साथ सोडत नाही, तोच खरा गुरू. आणि त्याचे काम त्याच्या मागेही चालू राहते.