बरणीतलं ओलं मीठ

समुद्राचं पाणी नुकतंच मिठागरात यायला लागलं होतं, त्या काळची ही गोष्ट. खारी आणि तिचा भाऊ कडू समुद्रात विरघळून एकत्र राहत. एकदा भरतीबरोबर दोघं हाशा आगऱ्याच्या मिठागरात आली. उन्हानं पाणी आटलं, तशी खारी पांढरे दाणे होऊन तळाशी बसली. कडूला काही बसता येईना. तो उरल्यासुरल्या पाण्यातच राहिला.

हाशानं त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे आत्ताच काढायला हवं, नाहीतर सगळं मीठ कडू होईल," म्हणत तो फावडं आणायला गेला.

खारी घाबरली. "दादा, मला घट्ट धर. आपण कधी वेगळे राहिलोय का?"

"वेडे, मी राहिलो तर तुला कोणी जिभेला लावणार नाही."

"मग जाताना काहीतरी ठेवून जा."

हाशानं बांध फोडला. कडू खाडीकडे वाहत गेला; जाताना एक थेंब बहिणीच्या दाण्यांवर ठेवून गेला.

अजूनही हवा दमट झाली की मिठाला पाणी सुटतं. हाशाच्या घराण्यातली सून बरणी पुसताना कुरकुरते, तेव्हा सासू म्हणते, "राहू दे गं. तिला भावाची आठवण आली असेल."