घमेल्यातली मरळ

"मासा कोणाचा होता?" उकंडबाबांनी विचारलं.

"पाण्याचा," अच्युत म्हणाला.

"मंग माह्या घमेल्यात काय राख होती का जी?" बायजा उसळली. "पाणीच होतं ना त्यात!"

बाबांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. अच्युतला ते मुळीच आवडलं नाही. एवढ्या गंभीर प्रश्नात हसण्यासारखं काय होतं?

अंबाखोरीच्या तलावाच्या पाळीवर, उंच मातीच्या बांधावर, बाबांची खोपी होती. भोवती मोहाची झाडं, खाली धानाची कापलेली शेतं. अच्युत नागपुरातली वकिली सोडून त्यांच्या पायाशी आला होता. वकिली सुटली होती, युक्तिवाद सुटला नव्हता. मीठ सोडलं, गादी सोडली, वहाणा सोडल्या. जे जे सोडलं ते त्याला तोंडपाठ होतं.

त्या दिवशी पहाटे तो अंघोळीला घाटावर उतरला, तेव्हा धुकं अजून पाण्यावरच होतं. आत कुठेतरी डोमा ढिवराचा डोंगा होता. डोमा वल्हवत होता, बायको बायजा गळ सोडून बसली होती, दोघांची हलक्या आवाजात थट्टा चालली होती. कधी नव्हे ती सगळी घरची मंडळी एकत्र निघाली होती, कारण लेक माहेरी आली होती. सगुणा. पहिलटकरीण, सातवा महिना. पोटात अन्न म्हणून ठरत नव्हतं. भात पाहिला की तोंड फिरवायची. काल संध्याकाळी मात्र बापाला म्हणाली होती, "बाबा, मरळ खावीशी वाटते."

डोंग्यात तिला मळमळलं असतं म्हणून तिला काठावरच बसवलं होतं. पहिली मरळ लागली तशी डोमानं ती आणून तिच्यापुढच्या घमेल्यात सोडली. "पाहत राय पोरी, उडून जाईल," म्हणाला आणि पुन्हा डोंगा लोटला. चांगली हातभर मरळ होती, अंगावर काळे पट्टे. सगुणा गुडघ्यावर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

अच्युतनं पाहिलं ते एवढंच, की मासा तडफडतो आहे.

तो तडक गेला. घमेलं उचललं आणि पाण्यात पालथं केलं.

आणि वर चार शब्द बोलला.

त्या चार शब्दांबद्दल अजून कोणी काही काढलं नव्हतं. बायजा ओल्या लुगड्यानिशी पाळ चढून आली होती ती माशाचाच जाब विचारत.

"मी चोरी केली नाही," अच्युत म्हणाला. "खाल्ला नाही, विकला नाही. मी जीव वाचवला. बाबा, आपणच सांगा, यात माझा गुन्हा काय?"

बाबांनी बायजाकडे पाहिलं.

"मासा गेला त गेला," बायजाचा आवाज एकाएकी खाली आला. "तलाव आटला नाही. पण ह्यो माह्या पोरीले काय बोलला, ते इचारा त्याले."

बाबांनी अच्युतकडे पाहिलं. "काय बोललास?"

"जे शास्त्रात आहे तेच."

"शास्त्र राहू दे. तू काय बोललास?"

अच्युतनं मान ताठ केली. सत्य बोलायला कसली लाज? "म्हटलं... पोटात एक जीव वाढवतेस आणि दुसऱ्याचा घेतेस. याची फेड पोटातल्याला करावी लागेल."

मोहाच्या झाडावरचा कावळा उडाला. बाबांनी डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की अच्युतला वाटलं, ध्यान लागलं.

"तवापासून रडून राहिली," बायजा म्हणाली. "आता मासा नको म्हणते, भात नको म्हणते. पोटावर हात ठेवून बसली हाये. पहिलं लेकरू हाये जी तिचं... अशी जिभेनं कोणी आग लावते काय?"

बाबा उठले. काठी न घेताच पाळ उतरू लागले. अच्युत मागोमाग निघाला. त्याला खात्री होती, बाबा आता त्या बाईला दोन शब्द समजावतील, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतील, आणि प्रकरण मिटेल.

खाली डोमा उभा होता. हातात डोंग्याचा बांबू. अच्युतला पाहून त्याची मूठ आवळली, पण बाबा समोर होते.

"डोमा," बाबा म्हणाले, "आणखी एखादी लागेल?"

"आता ऊन निघालं, बाबा. कठीण हाये. उद्या पाहू."

"तिला भूक आज आहे."

"हाये त काय करू?" डोमा फुटला. "लागलेली मरळ तुमच्या माणसानं फेकली!"

"म्हणून तर मी आलो," बाबा म्हणाले आणि धोतर खोचून डोंग्यात पाय ठेवला.

अच्युतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात धावला.

"बाबा! हे काय करता आहात आपण?"

"गळ टाकणार."

"आपण? जन्मभर मुंगी चुकवून चाललात आपण!"

"तू मुंगी चुकवलीस, बाबू. माणूस नाही चुकवलास."

"आणि आपल्या गळ्यात माळ आहे!" संतापानं अच्युतचा आवाज चिरकला. "निदान ती तरी काढून ठेवा!"

बाबांनी माळेला हात लावला. "का? तिनं पाहिलं नाही, तर चालेल?"

डोमा आणि बायजाही चढली. डोंगा निघाला.

तो काठावर राहिला. मागे सगुणा. त्याला तिथून निघून जायचं होतं, पण गेलो तर हरलो असं दिसेल, म्हणून तो थांबला. मनातल्या मनात त्यानं बाबांवर खटला भरला. मग आपण दोन वर्षं करत होतो ते काय? दया म्हणजे काय मग? ज्याला दुःख होईल त्याच्या तालावर नाचायचं, हाच धर्म? एका पोरीच्या जिभेचे चोचले, आणि त्यासाठी माळकरी म्हातारा गळ टाकायला निघतो? गावभर होईल. आणि होऊ दे. व्हायलाच हवं!

मागे सगुणाला उमासा आला. पोटात काही नव्हतंच. नुसतं पाणी पडलं.

अच्युतनं आपला तांब्या पुढे केला. "पाणी घे."

"नको."

"पाण्यात कसलं आलंय? घे."

"नको म्हटलं ना." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग जरा वेळानं, त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "दादा, एक इचारू?"

"विचार."

"तुमी पोटात होते, तवा तुमची माय काय खात होती?"

"माझी आई शुद्ध शाकाहारी होती."

"तसं नाही... तिले काही खावंसं वाटत असंल ना. चिंच म्हना, बोरं म्हना."

अच्युतला आठवेना. आईनं कधीतरी सांगितलं होतं. काय बरं सांगितलं होतं? "असेल काहीतरी," तो म्हणाला.

"तिले कोणी असं बोललं नसंल," सगुणा म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे अच्युतला अधिकच राग आला.

पाण्यावर ऊन पसरत गेलं. डोंगा शिंगाड्यांच्या वेलांपाशी स्थिर उभा होता. बायजा बाबांना काहीतरी दाखवत होती. दोर असा धरा, आता ढिला सोडा... एकदा गळ त्यांच्याच धोतरात अडकला. मग एकदम डोंगा कलला, डोमा ओरडला, बायजानं बाबांची कंबर धरली, आणि पाण्यावरून हसण्याचा आवाज आला. तिघंही हसत होते. बाबा सगळ्यांत मोठ्यानं.

बाबा असे हसतात हे अच्युतला ठाऊकच नव्हतं. त्याच्या कानशिलात रक्त चढलं. हिंसा झाली, आणि वर हसू!

डोंगा काठाला लागला. मरळ लहान होती, वीतभरच. डोमानं बांबूचा दांडका उचलला, तोच बाबांनी हात पुढे केला.

"मला दे."

"नाही जी बाबा," डोमा मागे सरला. "हे आमी करतो. आमचं कामच हाये. तुमी एवढं केलं ते लय झालं."

"धरायला मी, आणि मारायला तू? दे इकडे."

डोमानं बायकोकडे पाहिलं. बायजानं मान खाली घातली. दांडका बाबांच्या हातात आला.

पहिला घाव ओझरता गेला. दुसरा बसला... बाबा तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. पांढऱ्या भुवयांखाली डोळे भरून आले होते. बोटांना रक्त लागलं होतं, ते त्यांनी धुतलं नाही.

"पोरी," ते सगुणाला म्हणाले, "इकडे ये."

ती आली, पण मासा पाहून मागे झाली. "नको बाबा. माह्या लेकराले फेडा लागंन."

"ही मरळ धरली कोणी?"

"तुमी."

"मारली कोणी?"

"...तुमीच."

"मग फेडायचं कोणी?"

सगुणा त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. तिचा पोटावरचा हात हळूहळू सैल झाला. मग ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली, आणि बायजानं तिला कुशीत ओढलं. डोमा पाठ फिरवून डोंगा बांधू लागला. डोंगा कधीचा बांधलेला होता.

तिथेच तीन दगडांची चूल मांडली गेली. भात शिजला. लसूण, तिखट, चिंच घालून बायजानं मरळीचं कालवण केलं. वाफ उठली तशी सगुणाची मान आपोआप तिकडे वळली. पळसाच्या पानांवर मंडळी बसली. बाबा सगुणाच्या शेजारी.

"मला भात आणि मीठ," ते बायजाला म्हणाले. "कालवण हिला."

अच्युत दूर मोहाखाली उभा होता. कोणी त्याला बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी तो आला नसता. पण आता त्याला राहवेना. तो पुढे आला. सकाळपासून छातीत दाटलेलं एकदम बाहेर पडलं.

"बाबा, मला क्षमा करा, पण मी बोलणार. आपल्याला पाप लागलं!"

"लागलं," बाबा म्हणाले.

"आपण ते मान्य करता?"

"हे बघ की." त्यांनी हात पुढे केला. नखांशी रक्त वाळलं होतं.

"आणि हे सगळं माझ्यामुळे झालं असं दाखवायचं होतं आपल्याला! मी वाईट बोललो असेन. कठोर बोललो असेन. पण मी कोणाला मारलं नाही." त्यानं दोन्ही तळवे सगळ्यांसमोर उघडे केले. "पाहा! माझे हात स्वच्छ आहेत!"

चुलीत एक लाकूड खचलं. सगुणाचं पान अजून रिकामं होतं. तिची नजर पानावरून उठली आणि अच्युतच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. त्या नजरेत भूक होती, आणि सकाळची भीती अजून पुरती गेली नव्हती.

बायजानं कालवणाची पळी उचलली. बाबांनी तिचा हात अर्ध्यात थांबवला... पळी तिच्याकडून घेतली, आणि दांडा अच्युतकडे केला.

"स्वच्छ आहेत ना? मग वाढायला तूच घे."