चाच्यांना लागली तहान

तेरवडबंदरच्या दर्यासिंह महाराजांची झोप पार उडाली होती, आणि ती उडवली होती चाच्यांनी! साठ जण, तीन चपळ होड्या, आणि म्होरक्या कोण, तर हैबत्या! एका महिन्यात पाच गलबतं लुटली. तांदूळ गेला, कापड गेलं, महाराजांच्या स्वयंपाकघरासाठी येणारी वेलचीसुद्धा गेली!

आरमार नव्हतं असं नाही. चांगली चाळीस गलबतं होती. पण आरमारप्रमुख रणधुमाळराव मोहिमेवर निघायचे तेच मुळी थाटात. आधी नगारे, मग तुताऱ्या, मग पाच तोफांची सलामी. तो दणदणाट कानावर पडला की हैबत्या सावकाश जांभई द्यायचा, उठायचा आणि खडकबेटामागे पसार व्हायचा.

"महाराज, अजून वीस गलबतं द्या," रणधुमाळराव भर दरबारात म्हणाले, "आणि दोन नगारे!"

फिस्सकन कुणीतरी हसलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. हसला होता भिवा, दरबारचा पाणक्या. काखेत पखाल, हातात तांब्या आणि चेहरा असा, जणू हसणारा दुसराच कुणीतरी होता. "मेलो!" तो मनात म्हणाला. "भिवा, तुझं तोंड म्हणजे फुटकी पखाल. कुठे गळेल नेम नाही!"

"हसलास?" महाराज गरजले. "मग तूच पकड चाचे! पौर्णिमेपर्यंत! तोफेचा एक गोळा उडवायचा नाही, आरमाराचं एक गलबत हलवायचं नाही. हैबत्या स्वतःच्या पायांनी चालत या दरबारात आला पाहिजे. नाहीतर तुला वर्षभर पहिल्या गलबताच्या डोलकाठीला बांधीन!"

भिवानं हात जोडले. "डोलकाठी नको हो महाराज! मला घंगाळात वाकून पाहिलं तरी मळमळतं! शिमग्याला धक्क्यावरच्या होडीत नुसता बसलो, तर तीन दिवस जेवण गेलं नाही. आणि होडी बांधलेली होती!"

दरबार खो खो हसला. महाराज मात्र हसले नाहीत.

घरी बायकोनं, चंद्रीनं, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आरमाराला जमलं नाही ते तुम्ही करणार? तुम्हाला दूध पिणारं मांजर पकडता येत नाही!"

"ते मांजर फार चलाख होतं."

"मग तुम्हाला येतं तरी काय?"

"पाणी भरता येतं. साठ माणसं उन्हात वल्ही मारणार म्हणजे दिवसाला तीस घागरी तरी..." भिवा मध्येच थांबला. "चंद्रे! खडकबेटावर गोड्या पाण्याचा थेंब नाही! मग हे पितात काय?"

आणि त्याला एकदम आठवलं. रोज भरदुपारी गाव लवंडलं की विहिरीवर ते दांडगे अनोळखी लोक यायचे...

"अगं, त्यांच्या खांद्यावर घागरी मीच चढवून दिल्यात! परवा एकजण म्हणालासुद्धा, देव तुझं भलं करो!"

"शाबास! आरमार त्यांच्या मागे, आणि माझा नवरा त्यांच्या चाकरीला!"

पण चंद्री होती मासळी सुकवणाऱ्यांच्या घरातली. तिनं क्षणभर विचार केला आणि डोळे मिचकावले. "तहान तर तहान, जरा वाढवूनच देऊ की! माझ्या भावाचा पडाव आहे ना, माल वाहायची होडी!"

दुसऱ्या दिवशी भिवानं महाराजांकडे सत्तर शिपाई मागितले. किनाऱ्यावर गोड्या पाण्याच्या विहिरी सातच. प्रत्येकीवर दहा-दहा शिपाई बसवले. हुकूम एकच: गावच्या माणसाला पाणी, अनोळखी माणसाला नुसता रामराम!

आणि चंद्रीचा भाऊ पडाव घेऊन निघाला. पडावात काय? खारे बोंबील, मिठात मुरवलेली सुरमई, कैरीचं लोणचं, पापड! हैबत्याच्या होड्या दिसल्याबरोबर भाऊ आणि त्याचे दोन खलाशी ठरल्याप्रमाणे पाण्यात उड्या टाकून पोहत घरी आले. चाच्यांनी पडाव बेटावर नेला आणि दोन दिवस नुसती मेजवानी झोडली.

तिसऱ्या दिवशी पाण्याची पिंपं तळाला लागली. नेहमीसारखे चार-पाच चाचे घागरी घेऊन एका विहिरीवर गेले. "रामराम!" दुसऱ्या विहिरीवर गेले. "रामराम!" सातही विहिरींवर इतका रामराम झाला, की चाच्यांना वाटलं आता खरंच रामनाम घ्यायची वेळ आली!

पौर्णिमेच्या सकाळी धक्क्यावर तीन होड्या लागल्या. जिभा बाहेर, ओठ फुटलेले. "पाणी!" हैबत्या कण्हला.

"आहे की!" भिवा शिपायांच्या मागून म्हणाला. अगदी मागून. "थंडगार, वाळा घातलेलं. पण ते दरबारात आहे. हत्यारं इथे ठेवा आणि असे सरळ चालत जा."

साठच्या साठ चाचे चालत गेले. चालत कसले, धावतच! हैबत्यानं नऊ तांबे रिचवले आणि महाराजांपुढे लोटांगण घातलं. "महाराज, तुमच्या चाळीस गलबतांना आम्ही भ्यालो नाही. पण ते बोंबील!"

महाराजांनी मिशांवरून हात फिरवला. लूट परत करायची, पडाव परत द्यायचा आणि गावोगाव विहिरी खणायच्या, अशी शिक्षा चाच्यांना सुनावली. मग ते भिवाकडे वळले. "वा रे पठ्ठ्या! आजपासून आरमाराचा प्रमुख तू! उद्या पहाटे पहिल्या गलबतावर चढ!"

भिवानं जवळचा खांब घट्ट धरला. नुसत्या कल्पनेनंच त्याला मळमळायला लागलं.

"महाराज, एक विचारू? हरलो असतो तर गलबतावर, आणि जिंकलो तरी गलबतावरच? मग मी उगाच कशाला जिंकलो?"

महाराज असे हसले, की मुकुट घसरून नाकावर आला! "बरं बाबा! तुझं आरमार जमिनीवर! सातही विहिरींचा सरदार तू. आणि रणधुमाळराव, यापुढे मोहिमेवर निघताना पाणी याच्या परवानगीनं भरायचं!"

"देतो की लगेच," भिवा पखाल सावरत म्हणाला, "पण आधी ते नगारे उतरवा!"